केमो संपली, तरी पोट ताळ्यावर येईना: जठराच्या कर्करोगानंतर कोणत्या क्रमाने काय करावं

जठराच्या कर्करोगाचे उपचार संपून महिने उलटतात, तरी जुलाब, पोटफुगी, जेवणानंतरची घेरी थांबत नाही. अशा वेळी बहुतेक जण एकच गोष्ट करतात. दूध प्यायल्यावर पोट बिघडलं, दूध बंद. फळ खाऊन मुरडा आला, फळं बंद. मग डाळी, मग अंडी, मग तेलकट सगळंच. शेवटी ताटात उरतो मऊ भात, गोड चहा आणि बिस्किटं. वजन उतरतं, अंगातली ताकद जाते आणि जुलाब होते तिथेच राहतात. त्यातही गोड चहा-बिस्किटांनी काही जणांचा त्रास उलट वाढतो, तो का ते पुढे येईलच.

दुसरी चूक म्हणजे ‘केमोचा परिणाम आहे, जाईल हळूहळू’ म्हणत वाट बघत बसणं. आतड्याचं अस्तर साधारण दर ३ ते ५ दिवसांनी नवं होत असतं. त्यामुळे केमोने त्याला झालेली इजा शेवटच्या डोसनंतर सहसा काही आठवड्यांत भरून येते. दोन-तीन महिन्यांनंतरही जुलाब चालूच असतील, तर कारण बहुधा दुसरीकडे असतं: शस्त्रक्रियेने बदललेली अन्नाची वाट, कमी पडणारे पाचकरस, आतड्यात उतरणारं जास्तीचं पित्त, चुकीच्या जागी वाढलेले जिवाणू. यातल्या बहुतेक कारणांवर इलाज आहे. पण प्रत्येकावर वेगळा आहे, म्हणून क्रम महत्त्वाचा.

पायरी १: आधी धोक्याची लक्षणं वगळा

खालीलपैकी काहीही असेल तर वही, आहार वगैरे सगळं बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला:

- केमो चालू असताना किंवा नुकतीच संपलेली असताना ३८ अंश सेल्सिअस (१००.४ फॅरनहाइट) किंवा त्याहून जास्त ताप
- शौचातून रक्त, किंवा डांबरासारखी काळी, चिकट, उग्र वासाची शौच
- पोटात जोराची कळ, पोट फुगलेलं, उलट्या आणि गॅसही सरत नाही. आतडं अडकल्याची ही खूण असू शकते, यात तर तासही दवडू नका
- पाणीसुद्धा पोटात टिकत नाही, लघवी कमी आणि गडद होते
- घास अडकतो, आणि आठवड्यागणिक जास्त अडकतो
- डोळे पिवळे दिसतात
- महिन्याभरात ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के वजन उतरलं आहे

लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळपट होते. ती घट्ट आणि हिरवट काळी असते, डांबरासारखी चिकट नसते. शंका असेल तर तपासून घ्या, अंदाज बांधू नका.

सावधान: कॅपेसिटाबिन किंवा एस-१ या केमोच्या गोळ्या अजून चालू असतील आणि नेहमीपेक्षा दिवसाला चार किंवा जास्त वेळा शौचाला जावं लागत असेल, तर पुढची गोळी घेण्याआधी उपचार करणाऱ्यांना फोन करा. निवोलुमॅब किंवा पेंब्रोलिझुमॅब यांसारखी इम्युनोथेरपी घेतली असेल तर आणखी जपा. या औषधांमुळे प्रतिकारशक्तीच आतड्यावर हल्ला करते, तोही कधी शेवटच्या डोसनंतर काही महिन्यांनी. त्यावर जुलाब थांबवणारी गोळी पुरत नाही, बहुधा स्टिरॉइड लागतं. नव्या डॉक्टरांकडे गेलात तर ‘इम्युनोथेरपी झाली आहे’ हे त्यांनी विचारण्याआधी सांगा.

पायरी २: सात दिवसांची वही

या सात दिवसांत काहीही नवीन बंद करायचं नाही आणि काहीही नवीन सुरू करायचं नाही. हे जमणं अवघड असतं, कारण त्रास होत असताना हात लगेच गोळीकडे जातो. पण त्रासाचं खरं रूप दिसल्याशिवाय पुढची प्रत्येक पायरी अंदाजपंचे होते.

आधी हे कागद हाताशी ठेवा: शस्त्रक्रियेचा अहवाल (जठर पूर्ण काढलं की काही भाग, आणि उरलेला मार्ग कसा जोडला), केमोच्या औषधांची नावं आणि शेवटच्या डोसची तारीख, सध्याच्या सगळ्या औषधांची यादी. वेदनाशामक, लोह, आयुर्वेदिक काढे, जीवनसत्त्वं, काहीही वगळू नका.

वहीत पाच गोष्टी लिहा: वेळ, काय खाल्लं-प्यायलं आणि किती, किती मिनिटांत संपवलं, त्रास कोणता आणि किती वाजता, शौच कशी होती. शौचेसाठी ब्रिस्टल तक्त्याचे १ ते ७ आकडे वापरले की डॉक्टरांना चटकन कळतं: १ म्हणजे कडक खडे, ४ म्हणजे मऊ, सलग, ७ म्हणजे निव्वळ पाणी. रोज लिहायला लाज वाटत असेल तर नुसता आकडा लिहा.

एका सकाळची नोंद अशी असू शकते:

*७.४० – साखर घातलेलं दूध, एक पेला, पाच मिनिटांत.*
*७.५५ – मुरडा, छातीत धडधड, आडवं व्हावं लागलं.*
*८.१० – शौच, ६.*
*९.५० – हात थरथरले, घाम, एकदम कडकडून भूक.*

वरवर पाहता हे ‘दूध पचलं नाही’ असं वाटतं. पण ७.५५ आणि ९.५० यांची कारणं वेगळी आहेत आणि दोन्हींमध्ये दुधापेक्षा साखरेचा आणि घाईचा वाटा मोठा असू शकतो.

तपासून पाहा: नोंदींमध्ये वेळ मिनिटांसकट आहे का? ‘दुपारी पोट बिघडलं’ एवढंच लिहिलं असेल तर त्यातून काही निघत नाही.

पायरी ३: घड्याळाकडे बघा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि सगळ्यात जास्त वेळा गाळली जातेही हीच. काय खाल्लं यापेक्षा खाल्ल्यानंतर किती वेळाने काय झालं, यावरून कारण जास्त कळतं.

*खाल्ल्यावर १० ते ३० मिनिटांत, फार तर तासाभरात:* मुरडा, मळमळ, धडधड, चेहरा तापणं, घेरी, लगेच पातळ शौच. याला लवकरचं डंपिंग म्हणतात. जठर अन्न साठवून थोडं थोडं पुढे सोडतं. ते काढलं की गोड, दाट अन्न एकदम लहान आतड्यात पडतं, आतडं पाणी ओढून घेतं आणि रक्तदाब डळमळतो.

*१ ते ३ तासांनी:* थरथर, घाम, भूक, डोळ्यांपुढे अंधारी, कधी गोंधळून जाणं. हे उशिराचं डंपिंग. साखर झपाट्याने रक्तात जाते, शरीर गरजेपेक्षा जास्त इन्सुलिन सोडतं आणि रक्तातली साखर खाली येते. त्या क्षणी ग्लुकोमीटरवर मोजलेला आकडा सोन्यासारखा. ७० मि.ग्रॅ.च्या खाली आला तर निदान जवळजवळ हातात आलं.

*दिवस चढेल तसं फुगत जाणारं पोट,* दुर्गंधीचा गॅस, कधी जुलाब कधी नाही: लहान आतड्यात जिवाणू वाढल्याची शक्यता.

*फिकट, तेलकट, तरंगणारी शौच,* पाण्याने सहज वाहून न जाणारी, सोबत खाऊनही उतरणारं वजन: स्वादुपिंडाचे पाचकरस अन्नाशी वेळेवर मिसळत नाहीत. स्वादुपिंडाला काहीही झालेलं नसताना हे होऊ शकतं, कारण जठर गेल्यावर रस सोडण्याचा इशाराच कमकुवत होतो.

*पाण्यासारखी, जळजळ करणारी, घाईची शौच,* कधी झोपेतून उठवणारी: पित्ताम्ल नीट शोषलं जात नसण्याची शक्यता.

*आडवं झाल्यावर घशात कडू पाणी, छातीत जळजळ:* पित्त वर येतंय. जठर पूर्ण काढलेलं असेल तर आम्लच बनत नाही, त्यामुळे आम्लता कमी करणाऱ्या गोळ्यांचा इथे उपयोग नसतो. तरी कित्येक जण त्या वर्षानुवर्षं घेत राहतात.

*तीन-चार दिवस शौच नाही आणि मग पाण्यासारखं झिरपणं:* हे जुलाब नव्हेत, अडकलेल्या मळाच्या बाजूने गळणारं पाणी असू शकतं. मॉर्फिन, ट्रॅमाडॉल, ऑन्डान्सेट्रॉन, लोहाच्या गोळ्या यांनी बद्धकोष्ठ होतं. अशा वेळी जुलाब थांबवणारी गोळी घेतली तर अवस्था आणखी बिकट होते.

एकाच माणसात दोन-तीन कारणं एकत्र असतात. ज्याचा त्रास सगळ्यात जास्त, त्याला आधी हात घाला.

पायरी ४: काय खायचं यापेक्षा कसं खायचं, ते आधी बदला

पदार्थ बंद करण्याआधी या गोष्टी या क्रमाने करा. एक बदल, मग निदान तीन दिवस तोच, मग पुढचा. सगळं एकदम केलं तर बरं वाटेल कदाचित, पण कशाने ते कळणार नाही आणि उगाच दहा बंधनं गळ्यात राहतील.

१. घास आणि वेग. दिवसातून सहा-सात वेळा, लहान वाटीएवढं. प्रत्येक खाणं वीस-तीस मिनिटं चालावं. चमचा तोंडात असताना दुसरा भरायचा नाही. जठराचं दळण्याचं काम आता दातांकडे आलं आहे.

२. पाणी आणि अन्न वेगळं. खाण्याआधी आणि नंतर अर्धा-अर्धा तास पाणी नाही. घास गिळायला एखादा घोट चालतो. इथे हमखास होणारी चूक: पाणी जेवणापासून दूर करतात आणि नंतर प्यायचंच विसरतात. दोन खाण्यांच्या मधे घोटाघोटाने प्यायचं, बाटली डोळ्यांसमोर ठेवायची.

३. पातळ साखर बंद. गोड चहा, सरबत, फळांचा रस, मध, शीतपेयं. ही बंद केल्यावर डंपिंग निम्म्यावर आलेले कित्येक जण असतात. फळ पूर्ण बंद करू नका. रसाऐवजी अख्खं फळ, थोडंसं, आणि खाण्याच्या शेवटी.

४. प्रथिनं आधी. अंडं, मासे, दही, पनीर, मऊ शिजवलेली डाळ यांतलं काही प्रत्येक खाण्यात हवं, आणि पहिले घास त्याचे. भात-ब्रेड त्यानंतर. दिवसभरात वजनाच्या किलोमागे साधारण १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ५० किलोच्या माणसाला ६० ते ७५ ग्रॅम. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हा आकडा डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

५. जेवणानंतरची बसण्याची पद्धत. लवकरच्या डंपिंगमध्ये जेवणानंतर वीस-तीस मिनिटं पहुडल्याने आराम पडतो. पण ज्यांना पित्त वर येतं त्यांनी सपाट आडवं होऊ नये. दोन्ही त्रास असतील तर मागे उशा लावून रेलून बसा. रात्रीचं शेवटचं खाणं झोपण्याआधी दोन-तीन तास. पलंगाची डोक्याची बाजू पायांखाली ठोकळे घालून १५-२० सेंटिमीटर उचला. नुसत्या उशा वाढवल्या तर पोट दुमडतं आणि उलटाच परिणाम होतो.

६. दुधाची चाचणी. इतकं करूनही दुधाने त्रास होत असेल, तर पाच दिवस दूध बंद करून बघा, दही चालू ठेवून. फरक पडला तर दुधातली साखर पचत नाही असं समजा. नाही पडला तर दूध परत सुरू करा. हे परत सुरू करणंच राहून जातं.

सावधान: उशिराच्या डंपिंगमध्ये थरथर सुटली की लोक मूठभर साखर किंवा मिठाई खातात. तासाभराने साखर पुन्हा कोसळते. १५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे साधारण तीन चमचे, घ्या. पंधरा मिनिटांनी बरं वाटलं की लगेच अंडं-ब्रेड किंवा दही-भातासारखं काही खा. गाडी चालवत असाल तर आधी बाजूला थांबवा.

तपासून पाहा: दोन आठवड्यांनी वजन तेच आहे का? दर आठवड्याला एकाच दिवशी, सकाळी, शौचानंतर, त्याच काट्यावर मोजा. त्रास कमी झाला पण वजन उतरतंच आहे, याचा अर्थ तुम्ही कमी खाताय किंवा खाल्लेलं अंगी लागत नाही. याला सुधारणा म्हणू नका.

पायरी ५: वही घेऊन डॉक्टरांकडे, आणि नेमकं विचारा

‘पचत नाही, काहीतरी द्या’ म्हटलं की काहीतरीच मिळतं. त्याऐवजी वहीतले दोन-तीन नमुने दाखवा आणि असं विचारा:

- *तेलकट शौच आणि वजन उतरत असेल तर:* शौचेतील इलास्टेजची (स्वादुपिंडातल्या एका पाचकद्रव्याची) तपासणी करू या का? २०० मायक्रोग्रॅमच्या खालचा आकडा पाचकरस कमी असल्याचं सुचवतो. मात्र जुलाब अगदी पाण्यासारखे असतील तर आकडा खोटा कमी येऊ शकतो.
- *पोटफुगी आणि दुर्गंधीचा गॅस असेल तर:* जिवाणूंसाठी श्वासाची चाचणी हवी का, की थेट प्रतिजैविक देऊन बघायचं? जठर काढलेल्यांमध्ये ही चाचणी फसवू शकते. चाचणीची साखर लवकर मोठ्या आतड्यात पोचते आणि निकाल उगाच पॉझिटिव्ह येतो. म्हणून काही डॉक्टर औषधाचा प्रयोगच पसंत करतात.
- *पाण्यासारखे, जळजळीचे जुलाब असतील तर:* पित्ताम्लासाठी कोलेस्टिरामिन देऊन बघता येईल का?
- *नुकतीच प्रतिजैविकं घेतली असतील किंवा रुग्णालयात राहिला असाल तर:* क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल या जिवाणूसाठी शौच तपासायची का?
- *घास अडकत असेल तर:* जोडाची जागा आकसली आहे का हे दुर्बिणीने बघू या का? आकसली असेल तर ती फुगवून रुंद करता येते.

पायरी ६: औषध योग्य वेळी घ्या

योग्य औषध मिळूनही ‘काही फरक नाही’ म्हणणाऱ्यांमध्ये बऱ्याचदा औषध नव्हे, घेण्याची वेळ चुकलेली असते.

पाचकरसाच्या कॅप्सूल. जेवून झाल्यावर घेतल्या की अन्न पुढे गेलेलं असतं आणि कॅप्सूल मागे राहते. पहिल्या घासासोबत घ्यायची, आणि एकाहून जास्त असतील तर काही मध्यावर. जेवणाला साधारण ४०,००० ते ५०,००० युनिटपासून सुरुवात होते, छोट्या खाण्याला त्याच्या निम्मं. तुमचा डोस डॉक्टर ठरवतील. सहा वेळा खात असाल तर सहाही वेळा लागते, नुसत्या दोन ‘मोठ्या’ जेवणांना नव्हे. गरम चहासोबत घेऊ नका, उष्णतेने पाचकद्रव्य निकामी होतं. चावायचीही नाही, तोंड सोलवटतं.

लोपेरामाइड, म्हणजे जुलाब थांबवणारी गोळी. डॉक्टरांनी दिलं असेल तर जुलाब झाल्यावर घेण्यापेक्षा खाण्याच्या अर्धा तास आधी घेतल्याने जास्त फायदा होतो. ताप असेल किंवा शौचात रक्त असेल तर अजिबात नाही.

कोलेस्टिरामिन. हे पित्ताम्लासोबत इतर औषधांनाही बांधून ठेवतं. बाकीची औषधं त्याच्या किमान एक तास आधी, किंवा चार ते सहा तासांनंतर.

उशिराच्या डंपिंगसाठी अकार्बोज. पहिल्या घासासोबत. सुरुवातीला गॅस होतो, म्हणून डोस हळूहळू वाढवतात. हे घेणाऱ्याची साखर खाली आली तर साधी साखर लवकर लागू पडत नाही, ग्लुकोजच जवळ ठेवा.

सावधान: दोन नवी औषधं एकाच दिवशी सुरू करू नका, डॉक्टरांनी मुद्दाम सांगितलं नसेल तर. पहिल्याचा परिणाम दिसायला आठवडाभर द्या.

पायरी ७: कमतरता शोधा

पोट शांत झालं की लोक तपासण्या थांबवतात. इथे मी हात जोडून सांगेन, थांबवू नका.

ब-१२ जीवनसत्त्व शोषायला लागणारा घटक जठरातच तयार होतो. जठर पूर्ण काढलं असेल तर ब-१२ कायमचं घ्यावं लागतं, बहुधा इंजेक्शनने. यकृतात साठा असतो म्हणून पहिली एक-दोन वर्षं काही जाणवत नाही आणि इंजेक्शन मागे पडतं. मग हातापायांना मुंग्या येतात, तोल जातो, विसरायला होतं. ऑक्झॅलिप्लॅटिन या केमोच्या औषधानेही अशाच मुंग्या येतात, त्यामुळे ‘केमोच्या मुंग्या आहेत’ म्हणून ब-१२ची कमतरता लपून राहते. केमोच्या मुंग्या शेवटच्या डोसनंतर काही महिने वाढूही शकतात, पण पुढे सहसा स्थिरावतात किंवा कमी होतात. वर्षभराने नव्याने सुरू झालेल्या किंवा वर सरकत जाणाऱ्या मुंग्यांसाठी ब-१२ तपासाच. उशीर झाला तर नसांची हानी भरून येत नाही.

लोह, फोलेट, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम यांचीही तपासणी किती दिवसांनी करायची हे डॉक्टरांकडून ठरवून घ्या. जठराचं आम्ल नसेल तर कॅल्शियम कार्बोनेट नीट शोषलं जात नाही, सायट्रेट मागून घ्या. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेतलं तर एकमेकांना अडवतात, मधे किमान दोन तास ठेवा.

पायरी ८: बंद केलेलं परत आणा

तीन-चार आठवडे पोट स्थिर राहिलं की बंद पदार्थांची यादी काढा. ज्यात प्रथिनं आणि उष्मांक जास्त, ते आधी. एका वेळी एक, सकाळच्या खाण्यात, दोन चमच्यांपासून, सलग तीन दिवस. सकाळी अशासाठी की त्रास झालाच तर दिवसा होईल आणि नोंदता येईल. एकदा बिघडलं म्हणून पदार्थ बाद करू नका. दोन आठवड्यांनी निम्म्या प्रमाणात पुन्हा बघा, दोनदा तोच त्रास त्याच वेळेला झाला तरच बाजूला ठेवा.

तंतुमय, चिवट गोष्टी सर्वांत शेवटी: संत्र्याचा पांढरा चोथा, कच्ची कोबी, मक्याचे दाणे, जाड साली. जठराचा काही भाग उरला असेल तर यांचा गोळा होऊन अडकू शकतो. मद्य या यादीत घेऊच नका. जठर गेल्यावर ते रक्तात फार लवकर चढतं.

घरच्यांसाठी एक विनंती. ‘अजून एक घास’ म्हणून मोठी वाटी पुढे करू नका. त्या एका घासाने पुढचे तीन तास जातात आणि माणूस खायलाच घाबरू लागतो. दोन तासांनी तीच वाटी, अर्धी भरून, परत पुढे ठेवा.